सातव्या खोलीतले चव्वेचाळीस प्रश्न

प्राध्यापकांच्या दारावरच्या पाटीत नावाच्या आधी दोन बोटं जागा मोकळी आहे. त्यात रंगाऱ्याची चूक नाही. आठ वर्षांपूर्वी, पीएच.डी.ला नाव नोंदवलं त्याच आठवड्यात, प्राध्यापकांनी स्वतः शेजारी उभं राहून ती जागा सोडायला लावली होती. "इथे पुढे 'डॉ.' यायचं आहे," ते म्हणाले होते. "मग कधी येऊ?" रंगाऱ्याने विचारलं. "दोन वर्षं धर. फार तर तीन." रंगाऱ्याने तीन वर्षं वाट पाहिली, मग धंदा मुलाकडे सोपवला आणि मुलाने तो बंद करून टाकला. जागा मात्र तशीच राहिली. नव्या पोस्टमनला वाटतं, पाटीतलं एखादं अक्षर गळून पडलंय. वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर महिन्यातून एकदा त्या जागेवर बोट ठेवतात आणि विचारतात, "काय, कुठवर आलं?" जणू डॉक्टरकी लिफ्टने येते आहे आणि मधल्या कुठल्यातरी मजल्यावर अडकली आहे.

प्रबंधाचा विषय होता 'अनुभवाधारित व्यवसायांतील संघटनात्मक बदल, कर्मचारी-वैविध्य आणि नवोपक्रम : एक चिकित्सक अभ्यास'. हे नाव एका दमात म्हणता येत नाही. प्राध्यापकांच्या बायकोने सुरुवातीला पाहुण्यांसाठी ते पाठ करून ठेवलं होतं. हल्ली ती नुसतं "तेच चालू आहे" म्हणते आणि पाहुण्यांना कळतं. पोस्टमास्तरांनी मात्र एकदा नीट समजून घ्यायचं ठरवलं.

"अनुभवाधारित व्यवसाय म्हणजे काय हो?"

"जिथे गिऱ्हाईक कुठलीही वस्तू विकत नेत नाही. नुसता अनुभव घेतं आणि घरी जातं."

"म्हणजे सरकारी कचेरी," पोस्टमास्तर म्हणाले. प्राध्यापकांनी यावर वाद घातला नाही. वाद घालण्याइतकी माहिती तोवर त्यांच्याकडे जमलेलीही नव्हती.

आठ वर्षं नेमकी गेली कुठे, हा प्रश्न कुणालाही पडेल. ती गेली गाईडसाहेबांच्या केबिनबाहेरच्या बाकावर. गाईडसाहेब माणूस वाईट नव्हता. विद्वान होता, हसतमुख होता, विद्यार्थ्यांना चहा पाजायचा. फक्त त्यांचं लिहिलेलं वाचायचा नाही. साहेबांच्या हाताखाली असे एकूण सात विद्यार्थी होते. त्यातल्या दोघांचे केस बाकावर पिकले होते आणि एकीला बाकावर बसल्याबसल्या नातू झाल्याचा फोन आला होता. सातही जण दर सोमवारी हातात फाईल घेऊन त्या बाकावर बसत. केबिनचं दार उघडलं की सगळे एका सुरात म्हणत, "सर, पाच मिनिटं आहेत का?" हे वाक्य ऐकलं की साहेबांचा चेहरा पडायचा. पुढे त्यांनी केबिनला मागच्या बाजूने दुसरं दार पाडून घेतलं, इमारत विभागाची परवानगी काढून.

असं सगळं सुखाने चाललेलं असताना एक दिवस विद्यापीठाचं पत्र आलं. नोंदणीची मुदत तीन महिन्यांत संपते आहे; तोवर मार्गदर्शकाच्या सहीसह प्रबंध सादर न झाल्यास नोंदणी रद्द समजावी; मुदतवाढ मिळणार नाही. पत्राखाली सही होती ती प्राध्यापकांच्याच एका जुन्या विद्यार्थ्याची. तो मधल्या काळात डॉक्टर होऊन वर जाऊन बसला होता. प्राध्यापक त्या दिवशी जेवले नाहीत. आठ वर्षं रद्दीत जाणार हे दुःख तर होतंच, पण ती पाटी बदलावी लागणार, आणि ती बदलताना पोस्टमास्तर शिडी धरायला येणार, ही कल्पना त्यांना जास्त झोंबत होती.

ते धावत गेले आणि मागच्या दाराशी उभे राहिले. गाईडसाहेब सापडले. चालता चालता ते म्हणाले, "सगळं पुस्तकी आहे हो तुमचं. एखादा खरा व्यवसाय घ्या, त्यात बदल घडवून दाखवा, मोजा, मग बघू." एवढं बोलून ते गाडीत बसलेसुद्धा. आठ वर्षांत त्यांनी दिलेलं हे सर्वांत लांब मार्गदर्शन होतं.

आता खरा व्यवसाय आणायचा कुठून? नौकाविहारवाल्याने नाही म्हटलं. केस कापण्याच्या महागड्या दुकानाने आधी केस कापून घ्यायला लावले आणि मग नाही म्हटलं. तेव्हा बायको भाजी निवडतानिवडता म्हणाली, "अहो, धाकटीचं भूतघर आहे ना."

प्राध्यापकांना हे आधी सुचलं नव्हतं असं नाही. मेहुणीचं भूतघर बाजारातल्या तीन मजली इमारतीत होतं. खाली चष्म्याचं दुकान आणि वर हे. लोक तिकीट काढून अंधारात शिरत, सहा खोल्यांत सहा तऱ्हेने किंचाळत आणि खूश होऊन बाहेर पडत. पण व्यवस्थापनशास्त्राच्या माणसाने भूतघरात जायचं? आणि तेही मेहुणीच्या? लग्नात जिने त्यांचे बूट लपवले होते आणि ते अजून परत केले नव्हते, तिच्यापुढे हात पसरायचा? शेवटी पाटीची आठवण झाली आणि त्यांनी अभिमान गिळला.

"या की भावजी!" मेहुणी म्हणाली. "फक्त माझी भुतं बिघडवू नका म्हणजे झालं."

त्यानंतर आली नीतिमत्ता समिती. माणसांवर संशोधन करायचं तर या समितीची परवानगी लागते. समितीचे अध्यक्ष गाईडसाहेबच होते, त्यामुळे काम लगेच होईल असं प्राध्यापकांना वाटलं. समितीने तीन आठवडे घेतले. गिऱ्हाइकाला भीती वाटणे हा मानसिक त्रास आहे की सेवा? किंचाळीचा आवाज मोजायचा तर ती किंचाळी कुणाच्या मालकीची? शेवटी ठरलं, की तिकिटाच्या मागे 'आत संशोधन चालू आहे' असं छापायचं, प्रत्येक गिऱ्हाइकाला नाव न विचारता नुसता क्रमांक द्यायचा आणि सर्व भुतांची लेखी संमती तीन प्रतींत घ्यायची. शिवाय नमुना अकरा. तो गाईडसाहेबांनी स्वतः घडवला होता आणि त्यावर त्यांचा फार जीव होता. कुणाला आपली नोंद प्रबंधातून काढून हवी असेल तर त्याने नमुना अकरा भरायचा: पूर्ण नाव, हुद्दा, कचेरीचा पत्ता, काढण्याचं सविस्तर कारण आणि दोन साक्षीदार. हा कागद प्रबंधाच्या शेवटी जसाच्या तसा बांधायचा. "म्हणजे उगाच कुणी काढत बसणार नाही," साहेब समितीत अभिमानाने म्हणाले होते.

कामाला सुरुवात झाली. प्राध्यापकांनी प्रत्येक खोलीत आवाज मोजायचं यंत्र लावलं आणि कर्मचाऱ्यांची यादी केली. यादी करताना ते थबकले. पहिल्या खोलीतलं भूत मेहुणीचा नवरा, म्हणजे त्यांचे साडू. दुसऱ्यातलं तिचा दीर. तिसऱ्यात जाऊ, चौथ्यात नणंद, शवपेटीत चुलतसासरे. आणि सहाव्या खोलीत सासूबाई.

"सगळी भुतं तुझ्या सासरचीच?" प्राध्यापकांनी विचारलं.

"मी लग्न झाल्यापासून तेच म्हणतेय," मेहुणी म्हणाली, "पण ताई ऐकून घेत नाही."

प्राध्यापकांनी वहीत लिहिलं : कर्मचारी-वैविध्य, शून्य.

सासूबाई बत्तीस वर्षं मुख्याध्यापिका होत्या. बाजारात त्यांना सगळे हेडबाई म्हणत. त्यांच्या खोलीत ना कवटी होती, ना लाल रंग. एक फळा, एक टेबल आणि मिणमिणता दिवा. गिऱ्हाईक आत आलं की हेडबाई हळूच मागे वळायच्या आणि म्हणायच्या, "गृहपाठ?" बस्स. भलेभले मिशीवाले तिथे भिंतीला टेकायचे. यंत्र शंभरच्या खाली उतरत नसे. खालचा चष्मेवाला अधूनमधून वर येऊन तक्रार करी, की डोळे तपासताना बाईंच्या खोलीतून किंचाळी आली की गिऱ्हाईक तक्त्यावरची सगळी अक्षरं एकदम वाचतं आणि त्याला चष्माच लागत नाही. मेहुणीने तोडगा काढला होता. ज्यांचा चष्मा तयार होतोय त्यांना तोवर भूतघर फुकट.

म्हणजे धंदा उत्तम चालला होता. शहाण्या माणसाने तो तसाच मोजला असता आणि घरी गेला असता. पण प्रबंधात 'बदल' हा शब्द होता, आणि बदल घडवल्याखेरीज तो मोजता येत नाही. प्राध्यापकांनी मेहुणीच्या घरच्यांपुढे पडद्यावर चित्रं दाखवत पाऊण तास भाषण केलं. एकाच घरातली माणसं एकाच पद्धतीने घाबरवतात; बाहेरची माणसं घ्या; प्रत्येकाने दर आठवड्याला खोली बदला. चुलतसासरे शवपेटीत असल्याप्रमाणे झोपले. बाकीच्यांनी माना डोलावल्या, कारण सुनेच्या माहेरच्या जावयाला नाही कसं म्हणायचं.

बाहेरची माणसं म्हणून आधी आली एक स्वागतिका. तिची नोकरी नुकतीच गेली होती. बाई गुणी, पण बारा वर्षांची सवय. अंधारात गिऱ्हाईक दिसलं की ती गोड हसून म्हणायची, "या, बसा ना. कुणाला भेटायचंय?" आणि दुसरे आले पोस्टमास्तर. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. त्यांनी प्राध्यापकांच्या बायकोकडून सगळी हकिकत काढून घेतली आणि सोमवारी सकाळी डबा घेऊन हजर झाले. त्यांना साखळदंड दिले. ते साखळदंड नीट घडी करून बाजूला ठेवायचे आणि घाबरलेल्या माणसाला सल्ला द्यायचे. "रात्री जागता काय? डोळे ओढलेत. अहो, हे घाबरणं पोटातून येतं. सकाळी कोमट पाणी घ्या." लोक त्यांच्या खोलीत वीस-वीस मिनिटं थांबू लागले. बाहेर रांग तुंबली.

खोल्यांची अदलाबदल तर विचारू नये. हेडबाईंची पाळी शवपेटीची आली. त्या आडव्या व्हायला तयार होईनात. "मी बत्तीस वर्षं उभ्याने शिकवलंय," त्या म्हणाल्या, "आता गिऱ्हाइकापुढे लोळू?" मग शवपेटी उभी केली आणि बाई तिच्यात हाताची घडी घालून उभ्या राहिल्या, तेव्हा लोकांना ते तिकिटाचं काउंटर वाटलं. त्यांच्या वर्गात साडूंना पाठवलं. साडू स्वभावाने भित्रे. त्यांनी "गृहपाठ?" असं इतक्या अजिजीने विचारलं, की एका मुलीने दप्तरातून खरंच वही काढून त्यांना दाखवली आणि त्यांनी ती तपासून दिली.

दोन आठवड्यांत यंत्रांचे काटे बसले. एक दिवस मेहुणी तावातावाने आली. "भावजी, लोक हसत बाहेर पडतायत! कालची एक बाई म्हणाली, फार प्रसन्न वाटलं. प्रसन्न! माझ्या भूतघरात! हे काय करून ठेवलंत?"

मेहुणीचा धंदा आपण खड्ड्यात घालतो आहोत, हे प्राध्यापकांना दिसत होतं. वाईट त्यांना मनापासून वाटत होतं. पण मुदतीला पाच आठवडे उरले होते आणि निष्कर्षासाठी निदान चारशे प्रश्नावल्या भरून हव्या होत्या. आतापर्यंत भरल्या होत्या अकरा. त्यातल्या चार पोस्टमास्तरांच्या हस्ताक्षरात होत्या. लोक बाहेर पडले की थांबतच नसत. तेव्हा प्राध्यापकांनी ठरवलं, की बाहेर पडायच्या आधीच त्यांना गाठायचं. सहाव्या खोलीनंतर, दाराच्या अलीकडे, मोडक्या खुर्च्या टाकायची एक सातवी खोली होती. त्यातली एक बरी खुर्ची काढून ते तिथे बसले. अंधारात लिहिता यावं म्हणून कपाळाला पट्टा बांधून दिवा लावला. तो मेहुणीच्या सामानातला, म्हणजे हिरवा. मांडीवर प्रश्नावल्यांचा गठ्ठा. कुणी चाचपडत आत आलं की ते मान वर करायचे आणि अतिशय सौम्यपणे, गेल्या आठ वर्षांच्या सवयीने, म्हणायचे, "पाच मिनिटं आहेत का? फक्त चव्वेचाळीस प्रश्न आहेत."

पहिल्या दिवशी सातव्या खोलीच्या यंत्राने एकशे दोन दाखवलं. प्राध्यापकांना वाटलं, यंत्र बिघडलं. त्यांनी ते दुरुस्तीला नेलं. दुरुस्तीवाला म्हणाला, ठणठणीत आहे. दुसऱ्या दिवशी एकशे पाच. प्राध्यापकांनी नवं यंत्र आणलं, एकशे सात. नवल म्हणजे एवढं किंचाळूनही लोक प्रश्नावली भरत होते. थरथरत्या हाताने, उभ्याउभ्या, एकही प्रश्न न गाळता. शेवटच्या रकान्यात 'आणखी काही सांगायचे आहे का?' असं होतं. तिथे एकाने लिहिलं होतं, 'सोडा मला.'

आठवडाभर प्राध्यापक हे कोडं सोडवत होते. त्यांनी आर्द्रता मोजली. खोलीचा प्रतिध्वनी मोजला. सहाव्या खोलीतली भीती सातव्या खोलीपर्यंत साठत येते, असा एक सिद्धांतही मांडला आणि त्यावर बारा पानं लिहिली. बाकी सगळ्यांना खरं काय ते पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण कुणी बोलेना. शेवटी हेडबाईंनीच त्यांना बाजूला घेतलं.

"प्राध्यापक, तुम्ही आरशात बघून किती दिवस झाले?"

"का हो?"

"लोक खोलीला घाबरत नाहीत. तुम्हाला घाबरतायत." बाईंचा आवाज जरा दुखावलेला होता; बत्तीस वर्षांचा विक्रम मोडला होता. "कवटीला कोण भितं आता? पण समोरून कुणीतरी कागद घेऊन आलं आणि विचारायला लागलं, की माणसाची बोबडी वळते. माझा एकच प्रश्न होता. तुमचे चव्वेचाळीस."

प्राध्यापकांचा चेहरा हिरव्या दिव्यातसुद्धा लाल झाला. एवढं शिक्षण, एवढा अभ्यास, आणि व्यवसायात झालेला एकमेव नवोपक्रम म्हणजे आपण स्वतः? तेही भूत म्हणून? त्यांनी त्याच क्षणी दिवा उतरवला आणि घरी आले. बायकोला सगळं सांगितलं. सहानुभूतीची अपेक्षा होती. बायको जी हसायला लागली ती थांबेना, शेवटी डोळे पुसत म्हणाली, "अहो, पण आठ वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तुमच्या कामाने हादरलंय. जा उद्या परत."

ते गेले. पाटीसाठी माणूस काय करणार नाही? मेहुणीने भुतांना ज्याच्या त्याच्या खोलीत परत पाठवलं, स्वागतिकेला तिकीटखिडकीवर बसवलं, पोस्टमास्तरांना रांगेतल्या लोकांना सल्ले द्यायला बाहेर उभं केलं. तिथे ते इतके रमले की डबा दोन वेळचा आणू लागले. सातव्या खोलीवर ठळक पाटी लागली : 'कमकुवत मनाच्यांनी इथूनच परतावे.' गर्दी वाढली. चारशे प्रश्नावल्या तीन आठवड्यांत भरल्या. प्राध्यापकांनी त्यातलं काहीच लपवलं नाही. तिसऱ्या प्रकरणात स्वच्छ लिहून टाकलं, की संशोधकाने सुचवलेला एकही बदल उपयोगी पडला नाही आणि जो पडला तो त्याला कळला नाही.

मुदतीला अकरा दिवस उरले असताना, एका दुपारी, सातव्या खोलीच्या दाराशी एक जाडसर आकृती चाचपडत आली. प्राध्यापकांनी नेहमीप्रमाणे मान वर केली. दिव्याचा उजेड समोरच्याच्या चेहऱ्यावर पडला. गाईडसाहेब! साहेब खाली चष्म्याची काच बदलायला आले होते. चष्मेवाल्याने "अर्धा तास लागेल, वर जाऊन या" म्हणून त्यांना फुकटचा पास दिला होता. चष्म्याशिवाय साहेबांना समोरचं नीटसं दिसत नव्हतं. पण ऐकू व्यवस्थित येत होतं. आणि प्राध्यापकांच्या तोंडून, आठ वर्षांच्या सगळ्या आर्ततेसह, ते वाक्य निघून गेलं.

"सर, पाच मिनिटं आहेत का?"

त्यानंतर जो आवाज झाला तसा त्या इमारतीत पूर्वी कधी झाला नव्हता. खाली चष्मेवाल्याच्या आरशाला तडा गेला. वर्गातून हेडबाई धावत आल्या. साडू घाबरून भूतघराबाहेर पळाले आणि घरी जाऊन थांबले. गाईडसाहेब ज्या वेगाने बाहेर पडले तो वेग मोजायचं यंत्र मात्र प्राध्यापकांनी लावलेलं नव्हतं. आवाजाच्या यंत्रावर काटा थरथरत उभा होता : एकशे चौदा. प्रतिसादक क्रमांक चारशे बारा. प्राध्यापकांनी क्षणभर विचार केला आणि मग नियमाप्रमाणे नोंद केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाईडसाहेबांचा शिपाई प्राध्यापकांच्या दारात उभा. "साहेबांनी प्रबंध मागवलाय. पूर्ण. आत्ताच्या आत्ता." साहेबांनी प्रबंध मागवला, असं त्या विद्यापीठात पूर्वी घडल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

आणि तिसऱ्या दिवशी बोलावणं आलं. पुढच्या दाराने. केबिनमध्ये गाईडसाहेब एक काडी नसलेला जुना चष्मा हाताने धरून बसले होते. टेबलावर प्रबंध. प्राध्यापकांनी पाहिलं आणि त्यांचा विश्वास बसेना. पानापानावर लाल शाई होती. इथे संदर्भ द्या. हे वाक्य लांब आहे. हा आकडा पुन्हा तपासा. साहेबांनी स्वतःला शोधत शोधत दोनशे सत्तावन्न पानं वाचून काढली होती, तळटिपांसकट. साहेब म्हणाले, "तिसरं प्रकरण चांगलं जमलंय हो तुमचं. प्रामाणिक आहे."

प्राध्यापकांचे डोळे भरून आले. आठ वर्षांत हे एक वाक्य ऐकायला ते बाकावर बसले होते. ते ऐकायला मिळालं, आता सही नसती मिळाली तरी चाललं असतं, असं त्यांना साधारण अर्धा मिनिट वाटलं.

"फक्त पान दोनशे बारा," साहेब घसा खाकरत म्हणाले. "प्रतिसादक चारशे बारा. पुरुष, पन्नाशीपुढे, व्यवसाय अध्यापन. एकशे चौदा. 'सर्व नोंदींतील सर्वोच्च.' हा आकडा जरा विचित्र वाटतो. काढून टाका. मग सही करतो."

सही टेबलापलीकडे होती, पेन उघडं होतं. एक ओळ खोडायची आणि पाटीतली जागा भरायची. पण तिसरं प्रकरण प्रामाणिक आहे असं आत्ताच याच माणसाने म्हटलं होतं. प्राध्यापकांना आवाज सापडला तो सातव्या खोलीतला, सौम्य.

"काढता येईल ना सर. नोंद त्या प्रतिसादकाचीच आहे, त्याने फक्त नमुना अकरा भरून द्यायचा." त्यांनी फाईलमधून एक कोरा नमुना काढून टेबलावर ठेवला. "पूर्ण नाव, हुद्दा, कचेरीचा पत्ता, सविस्तर कारण. साक्षीदार दोन लागतील; त्या वेळी हेडबाई आणि माझे साडू जवळच होते. मग मी तो शेवटी बांधून टाकतो. नियमच आहे सर. आणि नियम चांगला आहे."

गाईडसाहेबांनी नमुना अकराकडे पाहिलं. आपलंच अपत्य. त्याची एकूण एक ओळ त्यांनी स्वतः लिहिली होती, 'सविस्तर' हा शब्द भांडून घातला होता. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा धरला. मग नमुना बाजूला सारला, प्रबंध पुढे ओढला आणि सही केली. शिक्का स्वतः मारला.

"आकडा राहू दे," ते म्हणाले. "खरा असेल तर राहायलाच हवा."

घरी बायकोने सही तीनदा पाहिली, शाई सुकली आहे ना म्हणून बोट लावून पाहिलं, आणि मुलांची पेन्सिल घेऊन थेट दाराबाहेर गेली. "अगं, अजून तोंडी परीक्षा आहे, पदवी आहे," प्राध्यापक मागून ओरडले. "म्हणूनच पेन्सिलने," ती म्हणाली, आणि त्या दोन बोटं जागेत तिने 'डॉ.' लिहिलं. जिन्यावरून येणारे पोस्टमास्तर पाटीपाशी थांबले, सवयीने बोट उचललं आणि पहिल्यांदाच काही न विचारता खाली घेतलं.

प्राध्यापकांनी कुणालाही एक अक्षर सांगितलं नाही. प्रतिसादकाची गोपनीयता म्हणजे गोपनीयता. पण केबिनबाहेरच्या बाकावरच्या सहाजणांपैकी एकाला, प्रबंधाच्या टायपिंगने डोळे गेल्यामुळे, चष्मा करायचा होता. तो बाजारातल्या त्याच दुकानात गेला. तिथे कप्प्यात एक तयार चष्मा पडून होता, पाकिटावर ओळखीचं नाव. "हा इथे कसा पडून?" त्याने विचारलं. "आहेत एक साहेब," तडा गेलेल्या आरशाकडे बघत चष्मेवाला म्हणाला. "वर गेले, किंचाळले आणि परस्पर पळाले. चष्मा न्यायलाही येत नाहीत."

सोमवारी सकाळी मेहुणीचा फोन आला. "भावजी, इथे सहा माणसं आलीत. दोघांचे केस पांढरे, एक आजीबाई आहेत. सगळ्यांच्या काखेत जाड फाईल. म्हणतायत, भुताची जागा रिकामी असेल तर बघा, आम्ही फुकट करू. सासूबाईंनी त्यांची परीक्षा घेतली. म्हणाल्या, सहाही जण उपजत आहेत. काय करू?"

प्राध्यापकांनी तज्ज्ञाच्या आवाजात सांगितलं, "सगळ्यांना घे. वैविध्य वाढेल."

तेव्हापासून सातव्या खोलीत सहा खुर्च्या आहेत आणि कपाळाला सहा हिरवे दिवे. गाईडसाहेब काडी नसलेल्या जुन्या चष्म्यावर कसेबसे दिवस काढतायत म्हणे. पण काच बदललेला चष्मा खालच्या दुकानात तयार आहे, आणि चष्मेवाल्याने सहाजणांना शब्द दिलाय, की साहेब आले तर तो म्हणेल, "अर्धा तास लागेल."